भारतीय नागरिकत्वाच्या नकारास न्यायालयीन आव्हान

भारतीय नागरिकत्वाच्या नकारास न्यायालयीन आव्हान म्हणजे एखाद्या व्यक्तीचा नागरिकत्वाचा अर्ज फेटाळणाऱ्या, तो निर्णयाविना प्रलंबित ठेवणाऱ्या किंवा तिचे असलेले नागरिकत्व अमान्य करणाऱ्या शासकीय निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची प्रक्रिया होय. अशी दाद प्रामुख्याने भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करून मागितली जाते. त्याआधी नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये सांगितलेले पुनरीक्षण व पुनर्विलोकनाचे प्रशासकीय उपाय उपलब्ध असतात.

अशा प्रकरणांत न्यायालयाचा अधिकार किती, हे नागरिकत्वाचा दावा कशावर आधारलेला आहे त्यावरून ठरते. जन्म, वंश किंवा संविधानातील तरतूद यांमुळे नागरिकत्व कायद्यानेच प्राप्त झाले असेल, तर न्यायालय ती वस्तुस्थिती मान्य करून त्याप्रमाणे आदेश देऊ शकते. नागरिकत्व शासनाने अर्जावरून बहाल करावयाचे असेल, तर न्यायालय सहसा स्वतः नागरिकत्व देत नाही. अर्जाचा विचार कायद्यानुसार, योग्य रीतीने व वेळेत झाला की नाही, एवढेच ते तपासते.

नागरिकत्वाचे मार्ग आणि नकाराचे प्रकार

संविधानाच्या दुसऱ्या भागातील अनुच्छेद ५ ते ११ नागरिकत्वाविषयी आहेत. संविधानाच्या प्रारंभी कोण नागरिक होते, हे त्यांत सांगितले असून पुढील नियमनाचा अधिकार अनुच्छेद ११ ने संसदेला दिला आहे. त्यानुसार झालेल्या १९५५ च्या अधिनियमात नागरिकत्वाचे पाच मार्ग आहेत : जन्म (कलम ३), वंश (कलम ४), नोंदणी (कलम ५), देशीयकरण (कलम ६) आणि नवीन प्रदेशाचा भारतात समावेश (कलम ७). यांपैकी नोंदणी व देशीयकरण हे अर्जाचे मार्ग आहेत. देशीयकरणासाठी सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे भारतातील वास्तव्य, चांगले चारित्र्य आणि आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान आवश्यक असते. २००३ च्या सुधारणेनंतर कायद्याच्या व्याख्येत ‘अवैध स्थलांतरित’ ठरणाऱ्या व्यक्तीस हे दोन्ही मार्ग बंद झाले. २०१९ च्या सुधारणेने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना यातून वगळले आणि त्यांच्यासाठी ११ वर्षांची अट ५ वर्षांवर आणली.

व्यवहारात नकार पुढील रूपांत समोर येतो :

१. नोंदणीचा किंवा देशीयकरणाचा अर्ज स्पष्टपणे फेटाळला जातो.
२. अर्ज स्वीकारला जात नाही, पुढे पाठवला जात नाही किंवा वर्षानुवर्षे निर्णयाविना राहतो.
३. व्यक्ती जन्माने किंवा वंशाने नागरिक असल्याचे अमान्य करून तिला पारपत्र (पासपोर्ट) किंवा मतदार नोंदणी नाकारली जाते.
४. परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यामुळे भारतीय नागरिकत्व संपुष्टात आले, असे शासन ठरवते.
५. व्यक्तीस परदेशी घोषित केले जाते.

नकाराचा प्रकार ओळखणे महत्त्वाचे असते, कारण दाद कोणाकडे मागावयाची आणि कोणता आदेश मागावयाचा हे त्यावर अवलंबून असते.

प्रशासकीय उपाय

कलम १५ नुसार केंद्र शासनाव्यतिरिक्त अन्य प्राधिकाऱ्याने दिलेल्या आदेशाने व्यथित झालेली व्यक्ती आदेशाच्या दिनांकापासून ३० दिवसांच्या आत केंद्र शासनाकडे पुनरीक्षणासाठी अर्ज करू शकते. आदेश केंद्र शासनाचाच असेल, तर कलम १५अ नुसार तितक्याच मुदतीत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. पुरेसे कारण दाखवल्यास मुदतीनंतरचा अर्जही दाखल करून घेता येतो. पारपत्र नाकारले गेल्यास पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम ११ मध्ये अपिलाची स्वतंत्र तरतूद आहे. मात्र आदेश केंद्र शासनाचा असल्यास असे अपील होत नाही.

पर्यायी उपाय उपलब्ध असताना उच्च न्यायालये सामान्यतः याचिका ऐकण्यापूर्वी तो उपाय वापरण्यास सांगतात. हा नियम न्यायालयाने स्वतःवर घातलेला संयम आहे. आदेश अधिकारक्षेत्राबाहेरचा असल्यास किंवा नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा भंग झाला असल्यास थेट याचिकाही विचारात घेतली जाऊ शकते.

कलम १४ आणि रिट अधिकारक्षेत्र

अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे नोंदणी किंवा देशीयकरणाचा अर्ज मान्य वा अमान्य करणे हे प्राधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकारात असून त्यासाठी कारणे देणे बंधनकारक नाही. हा निर्णय अंतिम असेल व कोणत्याही न्यायालयात त्यावर प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे.

या शब्दांवरून न्यायालयाचे दार पूर्ण बंद असल्याचा समज होऊ शकतो. तथापि साधा कायदा संविधानाने दिलेला रिट अधिकार काढून घेऊ शकत नाही. ‘एल. चंद्रकुमार विरुद्ध भारत सरकार’ (१९९७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २२६ व ३२ खालील न्यायिक पुनर्विलोकन हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सांगितले. त्यामुळे कलम १४ मधील अंतिमता सामान्य अपील किंवा दिवाणी दाव्यापुरती परिणामकारक ठरते. रिट याचिका तिने थांबत नाही.

याचिका करण्यासाठी नागरिक असणे आवश्यक नसते. अनुच्छेद १४ मधील समानतेचा आणि अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचा अधिकार ‘कोणत्याही व्यक्तीस’ आहे. अनुच्छेद १५, १६ व १९ मधील हक्क मात्र केवळ नागरिकांचे आहेत. भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये असल्याने बिगर-नागरिकास त्याचा आधार घेता येत नाही. ‘लुई डी रेड्ट विरुद्ध भारत सरकार’ (१९९१) या प्रकरणात दीर्घकाळ भारतात राहिलेल्या परदेशी मिशनऱ्याने संविधानाच्या प्रारंभी आपण येथील अधिवासी होतो, या आधारावर नागरिकत्वाचा दावा केला होता. केवळ वास्तव्य पुरेसे नसून कायम राहण्याचा हेतू सिद्ध करणे ही दावा करणाऱ्याची जबाबदारी आहे, असे म्हणून न्यायालयाने तो फेटाळला.

न्यायालय काय तपासते

स्वेच्छाधिकाराने दिलेल्या नकाराविरुद्धच्या याचिकेत न्यायालय अपील न्यायालयाप्रमाणे पुराव्याचे नव्याने मूल्यमापन करत नाही. त्याची तपासणी साधारणपणे पुढील मुद्द्यांपुरती असते :

• निर्णय देणाऱ्या प्राधिकाऱ्यास कायद्याने तो अधिकार होता काय.
• कायद्यातील अटींचा अर्थ योग्य लावला गेला काय.
• संबद्ध बाबी वगळून असंबद्ध बाबींचा विचार झाला काय.
• प्रतिकूल माहितीवर बाजू मांडण्याची संधी आवश्यक असताना ती दिली गेली काय.
• निर्णय मनमानी, भेदभावपूर्ण किंवा दुष्ट हेतूने घेतलेला आहे काय.

अर्जदारास कारणे कळवणे बंधनकारक नसले, तरी निर्णयामागे कारणे असणे अपेक्षित असते. न्यायालय मूळ नस्ती मागवून ती पाहू शकते. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण असल्यास शासन काही माहिती अर्जदारास न दाखवता न्यायालयापुढे ठेवण्याची परवानगी मागते. अशा वेळी न्यायालये शासनाच्या मूल्यमापनाला बरेच महत्त्व देतात. तरीही २०२३ साली एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या परवान्यासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षेचा केवळ उल्लेख करून नैसर्गिक न्याय टाळता येणार नाही, असे म्हटले. तो निकाल नागरिकत्वाविषयीचा नसला, तरी मोहोरबंद अहवालांबाबतचे त्यातील तत्त्व अशा याचिकांतही मांडता येते.

याचिका मान्य झाल्यास न्यायालय नकाराचा आदेश रद्द करणारा उत्प्रेषणाचा आदेश देते, किंवा ठरावीक मुदतीत निर्णय घेण्यास भाग पाडणारा परमादेश काढते. बहुसंख्य वेळा प्रकरण फेरविचारासाठी त्याच प्राधिकाऱ्याकडे परत जाते आणि योग्य प्रक्रियेनंतर पुन्हा नकारही मिळू शकतो. व्यक्ती अटकेत असल्यास बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका केली जाते. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते.

अर्जाचा विचार होण्याचा हक्क : चकमा प्रकरण

अर्जावर निर्णयच न होणे हाही नकार ठरू शकतो, हे अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणातून स्पष्ट झाले. तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील काप्ताई धरणामुळे विस्थापित झालेले चकमा, तसेच हाजोंग लोक १९६४ च्या सुमारास भारतात आले. त्यांच्यातील अनेकांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवण्यात आले. आसाम करारानुसार १९८५ मध्ये अधिनियमात घातलेल्या कलम ६अ चा लाभ मिळावा, हा त्यांच्यापैकी काहींचा दावा ‘अरुणाचल प्रदेश राज्य विरुद्ध खुदीराम चकमा’ या प्रकरणात १९९३ साली फेटाळला गेला. त्या कलमासाठी आसाममधील सततचे वास्तव्य आवश्यक होते.

त्यानंतर नोंदणीचा मार्ग उरला. परंतु हे अर्ज जिल्हा प्रशासनाकडून केंद्र शासनाकडे पाठवलेच जात नव्हते. ‘राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश राज्य’ (१९९६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. राज्याने या लोकांच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण केले पाहिजे. अनुच्छेद २१ चे संरक्षण बिगर-नागरिकांनाही आहे. तसेच अर्ज मान्य करावयाचा की नाही हे केंद्र शासन ठरवील, पण तो पुढे पाठवणे हे स्थानिक अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अर्ज अडवून ठेवल्याने नागरिकत्वासाठी विचार होण्याचा हक्कच नाकारला जातो.

या निकालानंतरही प्रश्न सुटला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्र व्यक्तींच्या नागरिकत्वाची प्रक्रिया तीन महिन्यांत पूर्ण करण्याचा आदेश दिला. राज्यातील स्थानिक जमातींच्या संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला आणि त्या मुदतीत अंमलबजावणी झाली नाही. न्यायालयात जिंकणे आणि प्रत्यक्ष प्रमाणपत्र हाती येणे यांत किती अंतर असू शकते, याचे हे प्रकरण उदाहरण मानले जाते.

श्रीलंकेतून आलेल्या भारतीय वंशाच्या तमिळ निर्वासितांच्या बाबतीत मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने जून २०१९ मध्ये अशीच भूमिका घेतली. शिबिरांत अनेक दशके राहिलेल्या याचिकाकर्त्यांचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांनी विनाविलंब पुढे पाठवावेत व केंद्र शासनाने त्यांवर मुदतीत निर्णय घ्यावा, असा आदेश न्यायालयाने दिला.

जन्मसिद्ध नागरिकत्वाचा नकार

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे नियम काळानुसार बदलले आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, परदेशी राजदूतांची अपत्ये यांसारखे अपवाद वगळता, पालकांचे नागरिकत्व कोणतेही असले तरी भारतीय नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी पालकांपैकी एक जण भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोन्ही पालक भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असून दुसरा अवैध स्थलांतरित नसावा, अशी अट लागू झाली.

या तरतुदीचा महत्त्वाचा कस दिल्ली उच्च न्यायालयात २०१० साली लागला. हिमाचल प्रदेशात १९८६ मध्ये तिबेटी पालकांच्या पोटी जन्मलेल्या एका महिलेस, तिच्याकडे तिबेटी निर्वासितांचे ओळख प्रमाणपत्र असल्याच्या कारणावरून पारपत्र नाकारण्यात आले होते. जन्माचे ठिकाण व दिनांक यांमुळे ती कायद्यानेच नागरिक आहे, असे न्यायालयाने ठरवले. ओळखपत्रावर तिने स्वतःस तिबेटी म्हटल्याने हे नागरिकत्व सोडले असे होत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. त्याच न्यायालयाने २०१६ साली अशा इतर अर्जदारांबाबतही हीच भूमिका कायम ठेवली. चकमा प्रकरणाशी तुलना करता फरक लक्षात येतो : तेथे न्यायालय विचार करण्याचा आदेश देऊ शकले, येथे नागरिकत्व आधीपासून असल्याने पारपत्राच्या अर्जावर त्याआधारेच कार्यवाही करण्यास सांगता आले.

नागरिकत्व संपुष्टात आल्याचा निर्णय

कलम ९ नुसार भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळवल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. ते केव्हा व कसे मिळवले, यावर वाद झाल्यास कलम ९(२) प्रमाणे निर्णय विहित प्राधिकारी, म्हणजे केंद्र शासन घेते. ‘इझहार अहमद खान विरुद्ध भारत सरकार’ (१९६२) या निकालात परदेशी पारपत्र मिळवणे हा निर्णायक पुरावा मानणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. मात्र त्याच काळातील निर्णयांनी काही मर्यादाही घातल्या. केंद्र शासनाचा निर्णय होण्यापूर्वी राज्य शासन किंवा पोलीस अशा व्यक्तीस परदेशी मानून देशाबाहेर घालवू शकत नाहीत. तसेच ‘मोहम्मद अयूब खान विरुद्ध पोलीस आयुक्त, मद्रास’ (१९६५) या निकालानुसार पारपत्र दबावाखाली किंवा फसवणुकीने घ्यावे लागले, असे म्हणणाऱ्यास ते सिद्ध करण्याची संधी द्यावी लागते.

दिवाणी न्यायालयाची भूमिकाही याच सुमारास स्पष्ट झाली. ‘अकबर खान आलम खान विरुद्ध भारत सरकार’ (१९६२) या प्रकरणात परदेशी नागरिकत्व मिळवल्याचा प्रश्न दिवाणी न्यायालय ठरवू शकत नाही, परंतु व्यक्ती मुळात कधी भारतीय नागरिक होती काय हा प्रश्न ते ठरवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या अपत्यांबाबत ऑक्टोबर २०२४ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीय दांपत्याच्या मुलाने कलम ८(२) खाली नागरिकत्व पुन्हा मिळण्याची मागणी केली होती आणि मद्रास उच्च न्यायालयाने ती मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. कलम ८(२) हे पालकांनी घोषणापत्राद्वारे नागरिकत्वाचा त्याग केला असता लागू होते. परदेशी नागरिकत्व घेतल्याने ते कलम ९ खाली आपोआप संपले असल्यास ते लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

गोवा

गोवा, दमण व दीव भारतात समाविष्ट झाल्यावर केंद्र शासनाने कलम ७ खाली ‘गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश, १९६२’ काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मलेली, किंवा आईवडील अथवा आजी-आजोबांपैकी कोणीही तेथे जन्मले असल्यास अशी व्यक्ती त्या दिनांकापासून भारतीय नागरिक मानली गेली. पूर्वीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांना एक महिन्याच्या आत तसे लेखी घोषित करण्याची मुभा होती.

अशी घोषणा करून पोर्तुगीज नागरिकत्व राखलेल्या एका धर्मगुरूंवर वास्तव्याचा परवाना संपल्यानंतरही देशात राहिल्याबद्दल खटला झाला. आपण व्याप्त प्रदेशातील रहिवासी असून जिनिव्हा करारांच्या संरक्षणास पात्र आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘मोंतेरो विरुद्ध गोवा राज्य’ (१९६९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. प्रदेश भारतात विलीन झाल्यावर लष्करी व्याप्ती संपली आणि स्वेच्छेने निवडलेल्या नागरिकत्वाचे परिणाम संबंधितास स्वीकारावे लागतात, असा त्याचा आशय होता.

पोर्तुगालच्या कायद्यामुळे १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या व्यक्ती व त्यांचे वंशज यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तेथील नागरिकत्व मिळवता येते. अशी नोंदणी म्हणजेच परदेशी नागरिकत्वाचा स्वेच्छेने केलेला स्वीकार काय, हा गोव्यात वारंवार उपस्थित होणारा प्रश्न आहे. पारपत्र, मतदानाचा हक्क, निवडणूक लढवण्याची पात्रता या सर्वांशी तो निगडित असून त्याचा निर्णय कलम ९(२) खाली व्हावा लागतो.

सिद्धतेचा भार आणि विदेशी न्यायाधिकरणे

सामान्यतः आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावयाचा असतो. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात हा नियम उलटा आहे. विदेशी अधिनियम, १९४६ च्या कलम ९ नुसार आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित व्यक्तीवर होती. हा अधिनियम रद्द करून त्याची जागा २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली. आसाममध्ये असे प्रश्न विदेशी न्यायाधिकरणांपुढे येतात. त्यांच्या आदेशाविरुद्ध वैधानिक अपील नसल्याने गुवाहाटी उच्च न्यायालयात रिट याचिका हाच प्रमुख उपाय राहतो.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधील एका व्यक्तीस परदेशी ठरवणारा आदेश रद्द करून तिला भारतीय नागरिक घोषित केले. कोणत्याही प्राथमिक माहितीशिवाय केवळ संशयावरून नोटीस काढता येणार नाही आणि सिद्धतेचा भार उलटवण्यापूर्वी शासनाकडे काही आधार असला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. नावाच्या वर्णलेखनातील किंवा दिनांकांतील किरकोळ विसंगतीवरून नागरिकत्व नाकारणे योग्य नाही, असेही त्यात नमूद आहे.

मर्यादा

न्यायालयीन मार्गाच्या काही मर्यादा सर्वसाधारणपणे मान्य केल्या जातात. रिट याचिकेत वादग्रस्त वस्तुस्थितीचा सखोल तपास क्वचितच होतो. त्यामुळे जन्मदाखला, शाळेची नोंद, जुन्या मतदारयाद्या, जमिनीचे दस्तऐवज अशी कागदपत्रे सुरुवातीच्या टप्प्यावरच सादर न झाल्यास नंतर अडचण येते. गरीब, निरक्षर, स्थलांतरित कामगार आणि विवाहानंतर नाव व गाव बदललेल्या स्त्रिया यांना हा भार विशेष जाणवतो. रिट याचिकेस ठरावीक कालमर्यादा नसली, तरी अवाजवी विलंब हे ती फेटाळण्याचे कारण ठरू शकते. शिवाय याचिका प्रलंबित असताना हद्दपारी आपोआप थांबत नाही. त्यासाठी अंतरिम स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते.

कलम १४ मधील कारणे न देण्याच्या मुभेवरही टीका होते. कारण माहीत नसताना निर्णयास आव्हान देणे अवघड होते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. याउलट नव्या नागरिकांना प्रवेश देणे हा राज्याच्या सार्वभौम अधिकाराचा भाग असून त्यात शासनास व्यापक मोकळीक असावी, अशी दुसरी भूमिका आहे. भारतीय न्यायालयांनी या दोन भूमिकांमध्ये साधलेला मेळ असा आहे की नागरिकत्व देण्याचा अधिकार शासनाकडे राहतो, परंतु तो वापरण्याची रीत न्यायालयीन तपासणीपासून मुक्त राहत नाही.

हेही पाहा

• भारतीय नागरिकत्व
• नागरिकत्व (सुधारणा) अधिनियम, २०१९
• रिट याचिका
• न्यायिक पुनर्विलोकन
• राष्ट्रीय नागरिक नोंदणी
• राज्यविहीनता